करारात कन्सल्टंट, मशीनवर अंगठा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी डीएमएलटी झालेली लॅब टेक्निशियन आहे, वय २९. नाशिकमधल्या एका खाजगी डायग्नोस्टिक सेंटरमध्ये चार वर्षं चार महिने काम करतेय. ड्यूटी सकाळी ७ ते दुपारी ३, नाहीतर दुपारी २ ते रात्री १०. आठवड्याला एक सुट्टी. जाता-येता मशीनवर अंगठा लावायचा. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचे पैसे कापतात. महिन्याला २४,००० ठरलेत, पण १० टक्के टीडीएस जाऊन खात्यात २१,६०० येतात. पीएफ नाही. दर ११ महिन्यांनी ‘कन्सल्टन्सी ॲग्रीमेंट’वर सही करायची. सध्याचं पाचवं आहे, ते तीन महिन्यांनी संपेल. त्यात लिहिलंय की मी स्वतंत्र व्यावसायिक आहे, सेंटरची कर्मचारी नाही. आम्ही नऊ टेक्निशियन असेच आहोत. रिसेप्शन, कलेक्शनची मुलं, ड्रायव्हर धरून सगळे मिळून चाळीसएक जण होतो. याआधी पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये होते, तिथे पीएफ कापायचे. ते खातं अजून तसंच आहे.

मला पाचवा महिना पूर्ण झालाय. एचआरच्या मॅडमना मॅटर्निटी लीव्हचं विचारलं, तर म्हणाल्या, “तू कन्सल्टंट आहेस, कन्सल्टंटला लीव्ह कुठली? करार संपला की थांब. त्यापेक्षा आत्ताच राजीनाम्याचा मेल टाक, रेकॉर्ड चांगलं राहील. नंतर जागा असली तर बघू.” गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीने असंच सोडलं. मिस्टर म्हणतात, सह्या आपणच केल्यात, आता भांडून काय मिळणार? शिवाय टीडीएसचा रिफंड दरवर्षी येतो, म्हणजे आपलं नुकसान काही नाही. ताई, मी खरंच कन्सल्टंट आहे का? मेल टाकू का?

– एक वाचक, सिडको, नाशिक

---

मेल टाकू नका.

बाकी पत्राला सावकाश उत्तर देते, पण एवढं आधी वाचून ठेवा आणि मिस्टरांनाही वाचून दाखवा. ‘रेकॉर्ड चांगलं राहील’ म्हणून घेतलेला राजीनामा कामगार आयुक्तांच्या टेबलावर काय करतो, ते मी घरातच पाहिलंय. माझी धाकटी बहीण एका खाजगी क्लासमध्ये सहा वर्षं शिकवत होती. तिला असंच गोड बोलून दोन ओळींचा मेल लिहायला लावला. पुढे तिने थकलेले पैसे मागितले, तर समोरच्यांनी तोच मेल पुढे केला: ‘बाईंनी वैयक्तिक कारणाने स्वखुशीने काम सोडलं.’ त्या दोन ओळी खोडायला आम्हाला दोन वर्षं लागली. तुम्हाला आत्ता दोन वर्षांचं भांडण परवडणार नाही, चार महिन्यांनी घरात बाळ असेल.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही खरंच कन्सल्टंट आहात का?

तुमच्याच सेंटरमधला खरा कन्सल्टंट डोळ्यांसमोर आणा. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन तास येणारे रेडिओलॉजिस्ट असतील. ते आणखी तीन-चार सेंटरची कामं घेतात, आपली वेळ आपण ठरवतात, गावाला जायचं असेल तर ‘माझ्या जागी अमुक डॉक्टर येतील’ एवढं कळवून जातात. त्यांना लेट मार्क लागत नाही. एखाद्या संस्थेशी त्यांचं पटलं नाही तर त्यांचं दुकान बंद पडत नाही, कारण त्यांचं दुकान वेगळंच असतं. आता तुमचं बघा. उद्या तुम्हाला बरं वाटलं नाही, तर तुमच्या जागी तुमच्या मैत्रिणीला पाठवता येईल का? संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये काम धरता येईल का? ॲग्रीमेंट नीट चाळा. ‘इतरत्र काम करण्यास मनाई’ असं एक कलम त्यात बहुतेक असेलच. एका पानावर तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक आणि दुसऱ्या पानावर दुसरीकडे काम करायची बंदी, असे करार मी कितीतरी पाहिलेत. तसं कलम सापडलं तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. मालकानेच तुमच्या बाजूने लिहून दिलेली साक्ष आहे ती.

कायदा नावाच्या पाटीवर थांबत नाही, पाटीखाली रोज काय चालतं ते बघतो. ही काही आजची गोष्ट नाही. सौराष्ट्रात धरांगध्राच्या मिठागरांवर आगरिया कुटुंबं मीठ पिकवायची. वाफे कंपनीचे, पण राबणूक त्यांची. सोबत बायकापोरं घ्यायचे, मदतीला स्वतः माणसं लावायचे, पैसे मिठाच्या मणावर. कंपनी म्हणाली, हे आमचे कामगार नव्हेत, हे स्वतंत्र ठेकेदार. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. काम कसं करायचं यावर देखरेख आणि नियंत्रण ठेवण्याचा अधिकार कंपनीकडे होता, म्हणून आगरिया कामगार ठरले. पुढे १९७३ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका टेलरिंगच्या दुकानाचा खटला आला. शिंप्यांना कपड्यामागे पैसे मिळत, पूर्ण दिवस बसायची सक्ती नव्हती, काही जण तर कापड घरी नेऊन शिवत. तरीही ते दुकानाचे नोकरच, असं न्यायालय म्हणालं. बहुतेक जण दुकानातच आणि दुकानाच्याच मशिनीवर शिवत होते. शिवण बिघडली तर मालक उसवून पुन्हा शिवायला लावू शकत होता आणि न ऐकणाऱ्याचं काम बंद करू शकत होता.

नमुन्यामागे पैसे घेणाऱ्या तुमच्या कलेक्शनच्या मुलांना ही शिंप्यांची गोष्ट जरूर सांगा.

एक गोष्ट तुमच्या जिल्ह्यातलीही आहे आणि ती दुसऱ्या बाजूने गेली. सिन्नरच्या विडी कारखान्यातल्या एका कामगाराने रजेचे पैसे मागितले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथे तो हरला. तो हवं तेव्हा यायचा, हवं तेव्हा जायचा, विड्या कशा वळायच्या यावर कुणाची देखरेख नव्हती, म्हणून बहुमताने तो कारखाना कायद्यातला ‘कामगार’ धरला गेला नाही. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं. गंमत म्हणून सांगत नाही, कारण जवळजवळ त्याच काळात नागपूरचे विडी कामगार तशाच वादात जिंकले होते. पानसुपारीच्या दुकानाइतक्या साध्या धंद्यात दोन उलट निकाल! शेवटी १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा त्यात आली. १९८५ मध्ये तर या घरच्या विडी कामगारांना पीएफही लागू आहे, असं न्यायालयाने सांगितलं.

सिन्नरचा निकाल मुद्दाम सांगितला. तुमच्या सेंटरचा वकील असंच काहीतरी पुढे आणणार. २०२० मध्येही डोळ्यांच्या एका सर्जनबद्दल न्यायालयाने तो हॉस्पिटलचा नोकर नव्हता असं ठरवलं, कारण त्याला मानधन आणि वर उत्पन्नातला टक्का असा करार होता आणि बाकीची कलमंही तशीच होती. त्यामुळे ‘कोर्टात गेलं की जिंकलंच’ असं मी कुणाला सांगत नाही. पण सिन्नरच्या त्या कामगाराला हवं तेव्हा येण्याची मोकळीक होती. तुम्हाला सात वाजून अकरा मिनिटांनी अंगठा लावला तर लेट मार्क लागतो. तुमचा सगळा दावा त्या मशीनमध्ये साठलेला आहे, ताई, आणि ते मशीन त्यांनीच भिंतीवर लावलंय.

‘सह्या आपणच केल्यात’ या मिस्टरांच्या म्हणण्यावर थोडं थांबते, कारण निम्मी माणसं इथेच हात टेकतात. आपण शब्दाला जागणारी माणसं. सही केली म्हणजे बांधले गेलो, आता तक्रार कशी करायची, अशी आपली लाज. पण तो कागद तुमच्यापुढे कसा आला ते आठवा. दोन बाजूंनी बसून, बोलून, काट मारून तो झाला नव्हता. काउंटरवर ठेवला, ‘इथे आणि इथे सही कर’ म्हणाले, आणि नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी काम नव्हतं. कायद्याने दिलेला प्रसूतीलाभ किंवा पीएफ अशा करारातून सोडून देता येत नाही. तसं कलम लिहिलं तरी त्याला बळ नसतं. तुमच्या सहीने तुमचा हक्क गेला नाही. आणि तुम्ही कुणाला फसवलेलंही नाही.

रिफंडचं म्हणाल तर, ते तुमचेच पैसे आहेत. २४,००० वर महिन्याला २,४०० गेले, वर्षाचे २८,८००. पगार म्हणून हिशेब झाला असता तर एवढ्या उत्पन्नावर कर बसलाच नसता आणि पैसे कापलेही गेले नसते. तुमचेच पैसे वर्षभर अडकून पडतात आणि रिटर्न भरायला सीएला पाच-सातशे द्यावे लागतात, ते वेगळेच. हा टीडीएस जुन्या आयकर कायद्याच्या १९४जे खाली, म्हणजे ‘व्यावसायिक फी’ म्हणून कापला गेला. म्हणून तुम्हाला नोकरदाराचा फॉर्म १६ मिळत नाही, १६ए मिळतो. समोरचे म्हणतील, बाईंनी स्वतःच रिटर्नमध्ये ‘व्यवसाय’ लिहिलंय. म्हणू देत. कर कोणत्या कलमाखाली कापायचा हे तुम्ही ठरवलं नव्हतं, आणि नोकर-मालक नातं आहे की नाही हे एवढ्यावरून ठरत नाही. उलट त्या १६ए वरच दिसतं की चार वर्षं तुम्हाला पैसे देणारं एकच होतं.

नुकसान किती झालं तेही मांडून बघू. तुमचं पुण्याचं पीएफ खातं चालू होतं, हे इथे फार कामाला येतं. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या आणि १५,००० च्या वर पगार असलेल्या माणसाला पीएफ सक्तीचा नसतो. मालक हाच मुद्दा पुढे करतात. पण जो आधीपासून सभासद आहे त्याला निदान १५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागू राहतो. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी कायदा लागतो, तुम्ही चाळीस आहात. १५,००० चे १२ टक्के म्हणजे मालकाचा हिस्सा महिन्याला १,८००. बावन्न महिन्यांचे झाले ९३,६००. त्यातला मोठा भाग तुमच्या पेन्शनच्या खात्यात गेला असता. आणि ऐका, जुन्या महिन्यांचा तुमचा स्वतःचा हिस्सा त्या वेळी कापला नसेल, तर तो आता तुमच्याकडून वसूल करता येत नाही. ‘पीएफ मागितलास तर तुझ्याच पगारातून दोन-तीन हजार मागचे कापू’ असं कुणी दटावलं, तर घाबरायचं कारण नाही.

पगार २१,००० च्या वर असल्याने ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, तुम्हाला नाही. ते सोडून द्या. म्हणूनच तुमचा प्रसूतीलाभ थेट मालकाने द्यायचा आहे. ग्रॅच्युइटीला साधारण पाच वर्षं लागतात, तुम्हाला आठ महिने कमी पडतायत. आता मेल टाकायला का सांगतायत, त्याचं एक कारण तिथेही असू शकतं. मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या कायद्यात, वर्षभराच्या सेवेवरही ग्रॅच्युइटीची तरतूद आलीय. तुमचे अकरा-अकरा महिन्यांचे तुकडे त्यात कसे बसतात ते वकिलाला विचारा.

आता मुख्य काम. मॅटर्निटी.

हा हक्क १९६१ च्या कायद्यात होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला, पण गाभा तोच. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी. अट एकच, बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम केलेलं असावं. तुम्ही तेवढे दिवस तर दिवाळीपासून आजपर्यंतच भरले असतील. सहा महिन्यांचा पगार धरला तर १,४४,००० होतात. सेंटरने बाळंतपणाआधीची आणि नंतरची वैद्यकीय सोय फुकट केली नाही, तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस वेगळा. गरोदरपणात कामावरून काढलं तरी हा लाभ बुडत नाही.

‘हे कायम नोकरीवाल्यांसाठी असतं’ असं मॅडम म्हणतील. सन २००० मध्ये दिल्ली महापालिकेनेही सर्वोच्च न्यायालयात हेच म्हटलं होतं. बायका मस्टरवर होत्या, रोजंदारीवर रस्ते खणत होत्या. न्यायालयाने त्यांना प्रसूतीलाभ द्यायला लावला. आणि तुमच्यासाठी त्याहून जवळचा निकाल ऑगस्ट २०२३ चा आहे. दिल्लीतल्या एका सरकारी हॉस्पिटलमधल्या करारावरच्या डॉक्टर. रजा सुरू झाली आणि दहा-अकरा दिवसांत करार संपला. हॉस्पिटल म्हणालं, करार संपला, रजाही संपली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हक्क एकदा लागू झाला की तो पूर्ण द्यायचा, कराराच्या मुदतीपलीकडेही.

यातून तुमच्यासाठी एक तारीख निघते. तुमचा करार तीन महिन्यांनी संपतोय आणि बाळंतपण चार महिन्यांनी आहे. आठ आठवडे आधी रजा घेता येते, म्हणजे ती साधारण दोन महिन्यांनी सुरू होऊ शकते, करार चालू असतानाच. डॉक्टरांकडून अपेक्षित तारखेचं प्रमाणपत्र घ्या, कॅलेंडर घेऊन बसा, आणि रजेचा पहिला दिवस करार संपायच्या आधी पडेल असा धरा. ‘शेवटच्या दिवसापर्यंत काम करते, बाळासोबत जास्त दिवस मिळतील’ असा विचार आपल्या बायका करतात. मीही केला होता. या वेळी तो करू नका.

आणि सांगायचं ते तोंडी सांगू नका. तोंडी विचारलंत, तोंडी उत्तर आलं, कागदावर काहीच राहिलं नाही. असं लिहा:

“मी आपल्या सेंटरमध्ये अमुक तारखेपासून लॅब टेक्निशियन म्हणून सलग काम करीत आहे. माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक आहे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. मी अमुक तारखेपासून २६ आठवड्यांची प्रसूती रजा घेत आहे. या काळातील देय रक्कम माझ्या नेहमीच्या बँक खात्यात जमा करावी. रजेच्या काळात मी अन्य कोठेही काम करणार नाही.”

एवढंच. त्यात ‘विनंती’ नको, ‘कृपया विचार व्हावा’ नको, रागही नको. कन्सल्टंट की कर्मचारी हा वादही या पत्रात काढू नका. तुम्ही लॅब टेक्निशियन म्हणून सलग काम करता, हे वाक्य त्यात आलंय, तेवढं पुरे. एक प्रत मेलने, तुमच्या स्वतःच्या ईमेलवरून. एक स्पीड पोस्टाने, पोचपावती जपून ठेवायची. मॅडमनी बोलावलं तर जा, शांतपणे ऐका, घरी आल्यावर ‘आज आपण मला असं असं सांगितलंत’ असा दोन ओळींचा मेल त्यांनाच करा. नवीन काही सहीला ठेवलं तर ‘घरी वाचून उद्या देते’ म्हणा. उभ्या उभ्या सही करायची नाही.

पत्र जाण्याआधी पुरावे घरी आलेले असू द्या. पत्र पोचलं की व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून नाव काढतात, हजेरीच्या ॲपचं लॉगिन बंद होतं, हे मी दर वेळी बघते. ड्यूटी रोस्टरचे फोटो, ‘उद्या सुट्टी मंजूर’ किंवा ‘उद्या यावंच लागेल’ असे मेसेज, लेट मार्कचे कापलेले पैसे दाखवणारी स्लिप, ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, पाचही ॲग्रीमेंट, बँकेची चार वर्षांची स्टेटमेंट, १६ए. चॅट नुसता स्क्रीनशॉट काढून ठेवू नका, एक्स्पोर्ट करा, तारखा शाबूत राहतात. एक गोष्ट मात्र करू नका. तुमची सही असलेले पेशंटचे रिपोर्ट पुरावा म्हणून घरी आणू नका. लोकांच्या आजारांची माहिती आहे ती, तुमची नाही, आणि त्या एका चुकीवरून सेंटरला तुमच्यावर बोट ठेवायला जागा मिळेल.

पंधरा-वीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा ‘आपण कन्सल्टंट आहात’ असं उत्तर आलं, तर ते उत्तर घेऊन नाशिकच्या कामगार उपआयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. वकिलाच्या फीची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण ओळींच्या मधून दिसली. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, १५१०० वर फोन केला तरी चालतो. वकील भेटले की त्यांना विचारा की तक्रार नेमकी कुठे लावायची. आपल्या राज्यात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली औद्योगिक न्यायालयात जायची सवय आहे. वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही त्यात अनुचित प्रथा म्हणून नोंदलेलीही आहे. पण मालक जर म्हणाला की ‘ही आमची कामगारच नव्हे’, तर ते नातं आधी दुसरीकडे सिद्ध करून या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये महाराष्ट्राच्याच दोन प्रकरणांत सांगितलंय. ती प्रकरणं ठेकेदाराच्या कामगारांची होती, तुमचं थोडं वेगळं आहे. तरी चुकीच्या दारात वर्ष घालवण्यापेक्षा पहिल्या भेटीतच हे विचारलेलं बरं.

पीएफची तक्रार याच्या पाठोपाठ, पण वेगळी. माझं मत असं की आधी मॅटर्निटीचं पत्र जाऊ द्या, कारण बाळाची तारीख कुणासाठी थांबत नाही. पीएफ कार्यालयाला तुमचा जुना यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, बँक स्टेटमेंट आणि रोस्टर द्या आणि ७ए ची, म्हणजे मालकाकडे किती पीएफ थकलाय ते ठरवणारी चौकशी मागा. त्या अधिकाऱ्याला सेंटरची हजेरी आणि पगाराची कागदपत्रं मागवायचा अधिकार असतो. तो बायोमेट्रिक मशीनची नोंदही मागवू शकतो, जी तुम्ही कितीही मागितलीत तरी मॅडम देणार नाहीत. ही चौकशी एकट्या तुमची राहत नाही, तुमच्यासारख्या सगळ्यांची होते. म्हणून बाकीच्या आठ जणींशी आधी बोला. सगळ्या पुढे येणार नाहीत. एखादीचं घराचं कर्ज असेल, एखादीचा नवरा आजारी असेल, त्यांच्यावर रागावू नका. दोघी-तिघी आल्या तरी फरक पडतो.

हल्ली एक नवं ऐकायला मिळतं, ‘तुम्ही गिग वर्कर आहात, तुमच्यासाठी नवा कायदा आलाय.’ तुम्हालाही ऐकवतील. संहितेतली ती तरतूद पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणाऱ्यांसाठी आहे, ॲपवरून डिलिव्हरी आणि टॅक्सी चालवणाऱ्या मुलांना निदान काहीतरी मिळावं म्हणून. रोस्टरवर नाव लावून, युनिफॉर्म घालून आठ तास उभं राहणाऱ्या टेक्निशियनला त्यात ढकलता येत नाही.

तुम्हाला एक भीती असणार, ती पत्रात नाही. नाशिक काही फार मोठं नाही, लॅबवाले सगळे एकमेकांना ओळखतात, उद्या दुसरीकडे कोण घेईल? ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. काहींना तो त्रास झालेला मी पाहिलाय. पण चांगला हात असलेल्या टेक्निशियनला काम मिळतं, हेही पाहिलंय. आणि मेल टाकून गेलात तरी सहा महिन्यांनी काम शोधायला तुम्हाला याच गावात निघायचंय, तेव्हा खिशात ते १,४४,००० असलेले बरे. निर्णय तुमचा आणि तुमच्या घराचा. तुम्ही पत्र पाठवायचं नाही ठरवलंत तरी मी तुम्हाला नावं ठेवणार नाही, फक्त राजीनामा लिहून देऊ नका.

गेल्या वर्षी सोडून गेलेल्या तुमच्या त्या मैत्रिणीचा नंबर असेल तर या आठवड्यात तिला फोन करा. तिनेही मेल टाकला होता का, कुणी टाकायला सांगितला होता, त्याचा मेसेज तिच्या फोनमध्ये आहे का, ते विचारा. तसं काही असेल तर तुमच्या मॅडमचं ‘रेकॉर्ड चांगलं राहील’ हे वाक्य दोघींच्या तक्रारीत येईल. आणि तिला म्हणावं, जुना फोन विकला नसेल तर विकू नको.